पापुद्र्याखालचा निखारा

दगड घासायला शिकवणाऱ्या वर्गात पहिल्या दिवशी हातात प्लॅस्टिकची एक पट्टी देतात. तिच्यात लहानमोठे लंबगोल, गोल, थेंबासारखे आकार कोरलेले असतात. दगडाची चकती कापायची, तिच्यावर पट्टी ठेवून हवा तो आकार ॲल्युमिनियमच्या टोकदार काडीने आखायचा आणि रेघेपर्यंत घासत जायचं. रेघ आली की थांबायचं. जास्पर असो, टायगर आय असो, आपल्याकडचा पट्ट्यापट्ट्यांचा अकीक असो, बहुतेक दगडांचं काम असंच सुरू होतं.

फायर अगेटला ही पट्टी चालत नाही. त्याच्यावर आधी रेघ मारून ठेवता येत नाही, कारण कुठे थांबायचं ते वरून कळतच नाही. ज्या रंगासाठी हा खटाटोप करायचा, तो दगडाच्या पोटात उंचसखल पसरलेला असतो. त्या रंगाचा एकेक पापुद्रा केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ. अलीकडे थांबलात तर दगड मातकट राहतो. जरा पुढे गेलात तर रंग पाण्याबरोबर वाहून जातो आणि खाली उरतो नुसता तपकिरी डाग. म्हणून हा दगड घासणारा माणूस घासण्यापेक्षा बघतच जास्त बसतो. दोन सेकंद घासायचं, पुसायचं, दिव्याखाली फिरवून पाहायचं, पुन्हा दोन सेकंद. मला हा छंद लागला तो या बघण्यामुळेच.

मी ॲरिझोनात आले ती नोकरीसाठी. अमेरिकेच्या नैर्ऋत्येचा हा कोरडा मुलूख दगड जमवणाऱ्यांचा आहे. गावागावांत त्यांचे क्लब असतात, क्लबांच्या कार्यशाळेत पाण्यावर चालणारी घासयंत्रं असतात आणि शिकवायला बहुधा निवृत्तीनंतर या नादाला लागलेली मंडळी असतात. टुसॉनला १९५५ पासून रत्नं आणि खनिजांचं प्रदर्शन भरतं. आता त्याच्या आगेमागे शहरभर इतकी दुकानं लागतात की फेब्रुवारीत तिथल्या हॉटेलांच्या खोल्यांतसुद्धा पलंगांवर दगड मांडलेले दिसतात. तिथेच एका टेबलावर पाण्याने भरलेल्या बरणीत मी पहिल्यांदा फायर अगेटचे कच्चे तुकडे पाहिले. ओबडधोबड, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे, वर पांढुरकी साय धरल्यासारखे. शेजारी ठेवलेला घडवलेला खडा पाहिला नसता तर मी पुढे गेले असते. तो खडा नखाएवढा होता आणि त्यात लाल, सोनेरी, हिरवा असे रंग एकमेकांत शिरत होते. पावसाळ्यात पेट्रोलपंपासमोरच्या डबक्यावर तेलाचा तवंग पसरतो, त्यातले रंग दाट करून खोल बुडवले तर जसे दिसतील, तसे.

फायर अगेट म्हणजे मुळात कॅल्सेडनी, आपण जिला ढोबळपणे गारगोटी म्हणतो त्या कुळातली. रसायन म्हणाल तर सिलिका, वाळूचंच. फरक रचनेत आहे. कॅल्सेडनीत क्वार्ट्झचे डोळ्यांना न दिसणारे तंतू एकमेकांना घट्ट बिलगून वाढलेले असतात, म्हणून ती चिवट असते आणि तिला झिलई चांगली चढते. मोहस् मोजपट्टीवर तिची कठीणता साडेसहा ते सात. सुरीचं पोलाद तिच्यावर ओरखडा काढू शकत नाही. असे दगड आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातही आहेत. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूच्या पोकळ्या राहिल्या, पुढे सिलिकायुक्त पाणी त्यांत झिरपलं आणि पोकळ्या भरत गेल्या. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती सापडली. तिथल्या लोकांची बारीक पाती याच कॅल्सेडनीची होती.

फायर अगेटची जन्मकथा बरीचशी अशीच आहे, पण तिच्यात एक पात्र जास्त आहे. ते म्हणजे लोह. ॲरिझोना, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको आणि सीमेपलीकडे मेक्सिकोचा उत्तर व मध्य भाग इथे एकेकाळी ज्वालामुखींची मोठी धामधूम होती. त्या खडकांच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून गरम पाणी फिरत होतं. त्यात सिलिका विरघळलेली होती आणि लोहही. पोकळीच्या भिंतीवर कॅल्सेडनी द्राक्षांच्या घडासारखी, गोलगोल फुगे धरत वाढू लागली. वाढता वाढता पाण्याची स्थिती बदलायची, मग फुग्यांवर लोहाच्या ऑक्साइडचं अतिशय पातळ पटल बसायचं. त्यावर पुन्हा सिलिकेचं पटल, मग पुन्हा लोहाचं. असे थरावर थर चढले. शेवटी पाण्यातलं लोह संपलं, पण सिलिका येतच राहिली. तिने या सगळ्या थरांवर रंगहीन किंवा दुधट कॅल्सेडनीचं झाकण चढवलं. घडवणाऱ्याला काढायचं असतं ते हे झाकण.

थरांतलं लोह प्रामुख्याने गोएथाइट नावाच्या खनिजाच्या रूपात असतं. हे नाव १८०६ मध्ये जर्मन कवी गटे याच्या सन्मानार्थ दिलं गेलं. कालिदासाच्या शाकुंतलावर लुब्ध झालेला तोच हा गटे. त्याला खनिजांचाही मोठा नाद होता. त्याने १८१० मध्ये रंगांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात न्यूटनच्या रंगविचारावर कडाडून हल्ला चढवला. भौतिकशास्त्राने त्या वादात गटेची बाजू घेतली नाही. तरीही त्याचंच नाव धारण करणाऱ्या खनिजाने पृथ्वीच्या पोटात इतका सुंदर रंगप्रयोग मांडावा, याचं मला प्रत्येक खडा घासताना अप्रूप वाटतं.

तो प्रयोग असा. गोएथाइट स्वतः तपकिरी आहे, आपल्या जांभ्याच्या आणि काव-गेरूच्या नात्यातलं. दगडात दिसणारा लाल, हिरवा, जांभळा हा कुठल्या रंगद्रव्याचा रंग नाही. प्रकाशकिरण पापुद्र्यावर पडला की थोडा वरच्या पृष्ठभागावरून परततो, थोडा आत शिरून खालच्या पृष्ठभागावरून परततो. दुसऱ्याला जाऊन येण्याचं जरा जास्त अंतर पडतं. परत भेटताना ज्या रंगाच्या लहरींचे माथे एकमेकांशी जुळतात तो रंग उजळतो, ज्यांच्या माथ्याला खळगा भिडतो तो विझतो. कोणता रंग जगेल आणि कोणता मरेल, हे पापुद्र्याची जाडी ठरवते. साबणाच्या फुग्यात हेच होतं, तेलाच्या तवंगात हेच होतं. न्यूटनने पातळ थरांतली ही रंगीत वलयं बारकाईने मोजली होती, पण प्रकाशाच्या लहरी एकमेकींना भेटतात म्हणून ती दिसतात हा उलगडा १८०१ च्या सुमारास टॉमस यंगने केला.

तवंगात एकच पापुद्रा असतो, म्हणून त्याचे रंग फिकट. फायर अगेटमध्ये सिलिका आणि गोएथाइटचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. या दोघांची प्रकाश वळवण्याची ताकद फार वेगळी आहे, त्यामुळे प्रत्येक सीमेवरून प्रकाश जोरात परततो आणि सगळ्या परतणाऱ्या लहरींची बेरीज होते. खाली गडद तपकिरी तळ असतो, तो उरलेला प्रकाश गिळून टाकतो. शिवाय हे पापुद्रे फुग्यांच्या गोलाईवर बसलेले. फुग्याचा माथा आपल्याकडे सरळ पाहतो, कडा तिरप्या. तिरप्या किरणाचं अंतर वेगळं, म्हणून रंगही वेगळा. एकाच फुग्यावर वलयं दिसतात आणि दगड हलवला की ती सरकतात. ओपलचे रंग मात्र याहून निराळ्या कारणाने येतात. तिथे सिलिकेचे अतिसूक्ष्म गोळे नीट रचलेले असतात आणि त्या रचनेतून प्रकाश फाकतो. दिसायला दोघं मावसभाऊ वाटले तरी घराणी वेगळी. ओपल नाजूक, फायर अगेट खणखणीत.

हे सगळं कळल्यावर घासण्याची भीती वाढते, आणि ते चांगलंच आहे.

कच्चा दगड मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. विकत घेणं किंवा वाळवंटात जाऊन वेचणं. ॲरिझोनात सॅफर्डच्या ईशान्येला ब्लॅक हिल्स आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेजवळ डंकनच्या दक्षिणेला राउंड माउंटन अशा दोन सरकारी जागा खास दगड वेचणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. हातातल्या हत्यारांनी, स्वतःच्या छंदापुरते दगड तिथून नेता येतात, विक्रीसाठी नाही. स्लॉटर माउंटन, डीअर क्रीक, ओटमन ही नावं इथल्या जाणकारांच्या तोंडी असतात, जशी आपल्याकडे आंब्याची गावं. मात्र त्यांतल्या कुठल्याही जागी थेट कुदळ घेऊन जाता येत नाही. काही जमिनींवर खासगी खाणीचा हक्क नोंदलेला असतो, काही जमीन अपाची लोकांच्या राखीव क्षेत्रात आहे. तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणं. कॅलिफोर्नियात ब्लाइथजवळची ओपल हिल आणि मेक्सिकोत आग्वासकालिएंतेसमधल्या काल्विलोचा भागही या दगडासाठी प्रसिद्ध.

वेचायला हिवाळ्यात जावं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि सावलीत खुळखुळ्या साप बसलेला असतो. हिवाळी सकाळी तिरपं ऊन असतं तेव्हा कोरड्या ओढ्याच्या पात्रात पांढऱ्या गारगोट्या चमकतात. बहुतेक नुसतीच पांढरी कॅल्सेडनी, फुलासारख्या आकाराची, दिसायला देखणी. पण कडेला तपकिरी थर नसेल तर रंगाची आशा नाही. मी पहिल्या खेपेला पिशवीभर पांढरी फुलं घेऊन आले होते. आता कड आधी पाहते. कड तपकिरी, त्या तपकिरीवर काचेसारखा स्वच्छ थर आणि पृष्ठभागावर द्राक्षांसारखे फुगवटे, असा तुकडा दिसला की बाटलीतलं पाणी त्याच्यावर ओतायचं. पाणी खरखरीत पृष्ठभागाचे खळगे भरून काढतं आणि क्षणभर दगड झिलई केल्यासारखा पारदर्शक होतो. मग सूर्याकडे पाठ करून तो हळूहळू फिरवायचा. आतून तांब्याच्या भांड्यासारखी झाक आली तर तुकडा खिशात. विकत घेतानाही हाच नियम, पण ओल्या दगडाला भुलू नये. बरणीतला दगड बाहेर काढून, वाळवून, भेगा पाहाव्यात. पाण्यात भेगा लपतात.

घरी आणल्यावर घाई करायची नाही. दगड आठवडाभर खिडकीत ठेवावा आणि वेगवेगळ्या उजेडात पाहावा. पहिलं काम पाठीमागचं. तिथला निरुपयोगी खडक हिऱ्याची धार असलेल्या पाणीकरवतीने कापून काढायचा, पण समोरच्या थरांपासून भरपूर अंतर राखून. मग कडेला एक लहानशी खिडकी उघडायची, म्हणजे बाजूने थोडं घासून, झिलई करून आत डोकावायचं. इथून थरांचा उभा छेद दिसतो. झाकण किती जाड आहे, त्याखालची तपकिरी पट्टी सरळ आहे की लाटेसारखी, कुठे वर आलीय, कुठे बुडालीय. हा दगडाचा नकाशा. तो मी कागदावर पेन्सिलीने काढून ठेवते. सगळे नाही काढत, पण मला त्याने बराच फायदा झालाय.

आता झाकण. मोठ्या यंत्रावर हिऱ्याची चाकं एका रांगेत असतात, ८० क्रमांकाच्या खरखरीत चाकापासून ३,००० च्या गुळगुळीतपर्यंत. क्रमांक जितका लहान तितका हिऱ्याचा कण मोठा. ८० चा कण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असतो. ज्या पापुद्र्यांसाठी आपण जिवाचं रान करतो त्यांच्या शेकडो पट. त्याचा एक ओरखडा सगळे थर फोडून आरपार जाऊ शकतो. म्हणून ८० फक्त पाठीसाठी. तोंडाच्या बाजूला २२० सुद्धा झाकण जाड आहे याची खात्री असेल तरच. मी एका चांगल्या दगडावर २२० चं चाक दोन सेकंद जास्त धरलं होतं. हिरवा रंग वर यायला लागला होता, अजून थोडा उजळेल म्हणून मी दाबलं. पुसून पाहिलं तर हिरव्याच्या मधोमध भाकरीवरच्या करपल्या ठिपक्यासारखा तपकिरी डाग. तेवढ्यात गेला. गेलेला रंग परत येत नाही.

झाकण पातळ व्हायला लागलं की मोठं यंत्र बंद. पुढचं काम हाताचं. मोटर वर टांगलेली, तिच्यापासून लवचीक दांडा खाली आलेला आणि त्याच्या टोकाला पेनासारखं धरायचं हत्यार. दाताच्या डॉक्टरकडे असतं तसं. त्यात हिऱ्याचा लेप दिलेली इवलीशी टोकं बसतात. गोळी, शंकू, चाक, उलटा शंकू. मोटर वर टांगायचं कारण साधं आहे. काम सतत पाण्यात चालतं, आणि पाणी व वीज शेजारी असू नयेत. पाणी थेंबथेंब पडत ठेवायचं किंवा दगड उथळ थाळीतल्या ओल्या स्पंजावर धरायचा. पाण्याविना टोक तापतं, दगड तडकतो आणि धूळ उडते.

आता दगड जे सांगेल ते करायचं. फुगा असेल तिथे फुग्याभोवती गोल फिरायचं, खळगा असेल तिथे लहान गोळीने आत उतरायचं. सपाट करण्याचा मोह आवरायचा. सपाट केलं की उंच फुग्यांचे माथे छाटले जातात आणि खळग्यांवर झाकण तसंच राहतं. परिणामी वर डाग, खाली धुकं. म्हणूनच घडवलेला फायर अगेट वेडावाकडा, उंचसखल असतो, कधी एखाद्या बेटाच्या नकाशासारखा. ज्यांना सुबक लंबगोल हवा त्यांनी दुसरा दगड घ्यावा, असं मी स्पष्टच सांगते. फायर अगेटमधून लंबगोल काढायचा म्हणजे अर्धा रंग कचऱ्यात.

खरी कसोटी थांबण्याच्या जागेची. आधी मातकट, मग तांबूस, मग सोनेरी अशी झाक वर येते. घासत असताना दगड ओला असतो, म्हणून रंग नेहमी थोडा जास्त खुललेला दिसतो. तो वाळवून, दहापट भिंगाखाली, एकाच तीव्र दिव्यात पाहावा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात रंगाचा अंदाज चुकतो. रंगावर स्वच्छ कॅल्सेडनीची अगदी पातळ त्वचा ठेवायची, कारण पुढच्या प्रत्येक पायरीत आणखी थोडं झिजणारच आहे. आज जिथे रंग हवा आहे, तिथे आज थांबून चालत नाही. त्याच्या जरा अलीकडे थांबावं लागतं. हा हिशेब पुस्तकातून येत नाही. मला शिकवणारे आजोबा, मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणायचे, दगड कानाशी नेऊन टोकाचा आवाज ऐकायचे. झाकण पातळ झालं की आवाज बदलतो, असं त्यांचं म्हणणं. मला तो फरक अजून ऐकू येत नाही.

आणि डाग पडलाच तर? काही दगडांत रंगाच्या थरांचे दोन-तीन संच एकाखाली एक असतात. कडेच्या खिडकीत खालचा संच दिसत असेल तर तिथवर उतरता येतं. नसेल तर डागाच्या जागी मुद्दाम दरी कोरायची आणि रंगीत फुगे तिच्या दोन बाजूंना ठेवायचे. लाल आणि सोनेरी सहसा सापडतात, हिरवाही. निळा आणि जांभळा दुर्मीळ, म्हणून तो दिसला की लोक काम थांबवून चहा करायला जातात. मीही जाते.

घासकामानंतर गुळगुळीत करणं. वेडावाकड्या पृष्ठभागामुळे इथे चाकांचा उपयोग नाही. बांबूच्या काड्या, लाकडी दांड्या, दात कोरायच्या काड्यासुद्धा, चाकूने टोक करून हत्यारात बसवायच्या आणि त्यांना हिऱ्याच्या चूर्णाचा लेप लावायचा. ६००, १,२००, ३,०००, मग १४,०००, हौस असेल तर ५०,०००. शेवटच्या क्रमांकाचा कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचा. प्रत्येक पायरीचं काम एकच, आधीच्या पायरीचे ओरखडे पुसणं. ओरखडा राहिला तर पुढच्या पायरीत तो जात नाही, फक्त चकचकीत होतो. म्हणून पायरी बदलताना दगड, हात, टेबल, सगळं धुवायचं, आणि प्रत्येक क्रमांकाच्या काड्या वेगळ्या डबीत. लोणच्याच्या बरणीत घरात कुणाला ओला चमचा घालू देत नाहीत, तेवढी कडक शिस्त. १४,००० च्या डबीत ६०० चा एक कण गेला तर संध्याकाळ वाया.

अखेरची झिलई नमद्याच्या किंवा चामड्याच्या टोकावर, सेरियम ऑक्साइडच्या गुलाबीसर चिखलाने. दाब कमी, पाणी पुरेसं. चिखल कोरडा पडला आणि दगड तापला की पृष्ठभागाला संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे येतात. झिलई झाली की नाही हे तपासायला मात्र ट्यूबलाइट उत्तम. दगडात तिचं प्रतिबिंब पाहायचं. कडा रेखीव दिसल्या तर झाली, फुटक्या दिसल्या तर दोन पायऱ्या मागे. नखाएवढ्या खड्याला माझे तीन-चार शनिवार जातात.

तापण्याचा विषय निघाला आहे तर खंभातला जायला हवं. आपल्या जुन्या लिखाणातलं खंबायत ते हेच. तिथे अकीक घडवण्याची परंपरा फार जुनी आहे, आणि त्याच टापूतल्या लोथलला हडप्पा काळातला मण्यांचा कारखाना सापडला आहे. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून पिवळट-तपकिरी दगड येतात आणि ते मडक्यात घालून शेण्या-भुशाच्या धगीत भाजले जातात. भाजल्यावर ते लाल होतात. ही जादू गोएथाइटचीच. उष्णतेने त्यातलं पाणी निघून जातं आणि त्याचं हेमॅटाइट होतं, ज्याचा रंग लाल. खंभातच्या कारागिराला हेच हवं असतं. फायर अगेटवाल्याला हेच नको असतं. तिथे गोएथाइटचे थर जसे बसले तसेच राहायला हवेत, म्हणून हा दगड भाजत नाहीत आणि कोंदणात बसवल्यावर त्याच्याजवळ डाग द्यायची ज्योत कधी आणत नाहीत. एकाच खनिजाची दोन नशिबं, दोन खंडांतल्या कारागिरांच्या हाती.

खंभातकडून शिकायची दुसरी गोष्ट दुःखाची आहे. अकीक कोरडा घासला की सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती फुप्फुसात जाऊन बसते, तिथे वण पडत जातात आणि श्वास आखडत जातो. हा सिलिकोसिस, आणि तो बरा होत नाही. खंभातच्या घासणाऱ्यांमध्ये हा रोग किती आहे याची पाहणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केली आहे. घासकाम घरातच चालत असल्याने जे स्वतः घासत नाहीत, त्या घरच्या माणसांनाही धूळ सोडत नाही. आपण गळ्यात घालतो ते स्वस्त लाल मणी कुणाच्या तरी श्वासातून आलेले असतात. छंद करणाऱ्याने तर सबब सांगूच नये, त्याच्या पोटाचा प्रश्न नसतो. नेहमी ओलं घासावं. ओल्या घासण्यातही तुषार उडतात, म्हणून नीट बसणारा मास्क हवा, साधा कापडी नाही. टेबलावर वाळलेला चिखल म्हणजे पुन्हा धूळच, तो ओल्या फडक्याने पुसावा, झाडूने कधीच नाही. माझं गॅरेज घराला लागून आहे. कामाचे कपडे मी तिथेच बदलते आणि वेगळे धुते.

खडा तयार झाला की सोनाराचा प्रश्न. बाजारात मिळणारी कोंदणं ठरावीक मापांची असतात आणि हा दगड कुठल्याच मापात बसत नाही. शुद्ध चांदीची पातळ पट्टी घेऊन ती खड्याच्या कडेकडेने, प्रत्येक वळणावर चिमट्याने दाबत फिरवावी लागते. पट्टीला डाग दिला जातो तो खडा बाजूला ठेवूनच. मग खडा आत बसवायचा आणि पट्टीची कड त्याच्यावर हळूहळू लोटायची. मी पुण्याला येताना एक खडा आणला होता, तिथल्या एका ओळखीच्या सोनारकाकांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ फिरवला. हा कुठल्या बाजूने सरळ, असं विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला वाटेल त्या. त्यांनी खडा दुकानाबाहेर उन्हात नेला, चार दिशांना धरून पाहिला आणि शेवटी ज्या बाजूने धरल्यावर हिरवं वलय वर आलं, तिथे पेनाने खूण केली.

सध्या माझ्या खिडकीत डीअर क्रीकचा एक तुकडा आहे. कडेच्या खिडकीतून तपकिरी पट्टीच्या अगदी खाली, एका कोपऱ्यात, जांभळ्याची रेघ दिसते. वरचे दोन थर सोनेरी आहेत. जांभळ्यापर्यंत जायचं तर सोनेरी घालवावं लागेल. मी नकाशा काढून ठेवलाय, हत्यारात बारीक गोळी बसवून ठेवलीय, आणि रोज सकाळी ऊन त्या कोपऱ्यावर येतं तेव्हा दगडावर पाणी घालून पाहते.